पडद्यासमोर मूल काय करतंय?

विदर्भातल्या खेड्यात आज एकाच घरात दोन उलट मागण्या ऐकू येतात. आई म्हणते, पोराला अभ्यासासाठी फोन घेऊन द्या. बाप म्हणतो, फोनापायीच पोराचा अभ्यास बुडाला, काढून घ्या. दोघंही अनुभवाचंच बोलतात. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या पहिली ते चौथीच्या मुलांना शाळेत परतायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात ज्या घरात फोन नव्हता, तिथलं मूल शाळेपासून तुटलं. हे आईनं पाहिलं. त्यानंतर घरात आलेल्या फोनवर तेच मूल रात्री अकरापर्यंत काय पाहत बसतं, हे बापानं पाहिलं.

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचा देशभर आढावा घेणाऱ्या ‘असर’ची २०२४ ची पाहणी जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, असं तीत दिसलं. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं. समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं सुमारे ७६ टक्क्यांनी. म्हणजे फोन घरात पोचला की नाही हा प्रश्न बऱ्याच अंशी मागे पडलाय. गावातल्या शाळेच्या भिंतीवर मोठा टीव्ही आला, कुठे टॅबची पेटी आली. त्यावर सभेत जी चर्चा होते ती किंमत, इंच आणि वॉरंटीची. त्या पडद्यासमोर बसलेलं मूल तेवढ्या वेळात नेमकं काय करत असतं, हे कोणी विचारत नाही. मला तोच एक प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

शिक्षक एकीकडे, मुलं दुसरीकडे

शिक्षक एका जागी आणि मुलं दुसऱ्या जागी असतील, तर त्या वर्गाला दूरस्थ वर्ग म्हणायचं. तो इंटरनेटवर भरेल, रेडिओवर भरेल, साध्या फोनवरही भरेल. करोना गेला, आता त्याची काय गरज, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडे ही गरज करोनाच्या आधीही होती.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मेळघाटातून कुटुंबं कामाच्या शोधात बाहेर पडतात आणि लेकरं त्यांच्यासोबत जातात. उन्हाळा इतका कडक, की सुट्टीनंतरच्या शाळाही इथे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक असतात. म्हणजे लहान गावात पाच वर्ग दोघं सांभाळतात. त्यातला एक सभेला किंवा प्रशिक्षणाला गेला की पाचही वर्ग एकाच्या गळ्यात. पुढच्या वर्गांत विज्ञानाचा किंवा इंग्रजीचा शिक्षक नसेल, तर तालुक्याच्या गावातून कोणी पडद्यावरून शिकवावं हा मार्ग उरतो. त्यामुळे दूरस्थ वर्ग इथे राहणारच आहे. तो चांगला कसा चालेल, एवढंच आपल्या हातात आहे.

सक्रिय शिकणं म्हणजे काय

धुऱ्यावर बसून तिफण धरता येत नाही. बाप पेरताना दहा वर्षं पाहिलं, तरी पहिल्यांदा हातात रुमणं आलं की तास वाकडं जातं, बी कुठे दाट पडतं, कुठे पातळ. मग कोणीतरी मागून सांगतं, दाब कमी कर. पुढचं तास थोडं सरळ येतं. आपण करायचं, चुकायचं, चूक लगेच कळायची, पुन्हा करायचं. शिकणाऱ्याला असं कामाला लावणाऱ्या शिकण्याला ‘सक्रिय शिकणं’ म्हणतात. शिक्षक सांगतो आणि मूल ऐकतं, हे त्याच्या उलट टोक.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हातकाम आणि उद्योगातून गणित, विज्ञान, भाषा शिकवायची ‘नई तालीम’ तिथून उभी राहिली. झाकीर हुसेन समितीनं तिचा आराखडा केला आणि आशादेवी व आर्यनायकम् यांनी ती सेवाग्रामात प्रत्यक्ष चालवली. चरख्यावर सूत काततानाच लांबी, वजन आणि सरासरी शिकायची. हा वारसा आपल्याच मातीतला आहे, आणि टॅबची पेटी उघडताना तो आठवायला हवा.

आता पुरावा. २०१४ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांत नापास होण्याचं प्रमाण सक्रिय वर्गांच्या दीडपट निघालं. हे महाविद्यालयातलं झालं, लहान मुलांना जसंच्या तसं लागू होईल असं म्हणता येत नाही. पण याच्या मुळाशी स्मरणाचं जे काम आहे ते खेड्यातल्या मुलालाही लागू पडतं. २००६ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांना ७१. आठवड्यानंतर चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आठवायचा प्रयत्न करणं हेच शिकणं आहे, त्याआधीचं वाचन ही फक्त तयारी.

व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहणं म्हणजे उतारा दुसऱ्यांदा वाचणं. व्हिडिओ बंद करून, वही पुढे ओढून, आत्ता काय सांगितलं ते लिहून काढणं म्हणजे दुसऱ्या गटात जाणं. त्यासाठी वेगळा रिचार्ज लागत नाही.

दूरच्या वर्गात काय हरवतं

वर्गात उभा असलेला गुरुजी मुलांचे चेहरे वाचत असतो. मागच्या बाकावरची मुलगी पेन्सिल चावतेय म्हणजे भागाकार कळला नाही, हे त्याला न विचारता समजतं. पडद्यावर हे जातं. चेहरे दिसत नाहीत, दिसले तर पोस्टाच्या तिकिटाएवढे. मग शिक्षक घाबरून जास्त बोलतो. “समजलं का?” असं विचारतो, चारपाच मुलं “हो सर” म्हणतात, आणि धडा पुढे सरकतो. दूरस्थ वर्गाचं मूळ दुखणं हे आहे. अंतर वाढलं की बोलणं एकतर्फी होतं.

म्हणून साधन निवडताना पाहायचं ते इतकंच, की मुलानं केलेलं काम त्यातून शिक्षकापर्यंत परत येतं का, आणि शिक्षकाचा शब्द पुन्हा मुलापर्यंत जातो का.

रेडिओसारख्या एकतर्फी माध्यमातूनही मुलांना बोलतं करता येतं, हे १९७० च्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवताना दिसलं. त्यात प्रश्न विचारून मुद्दाम थांबायचे. मुलं वर्गात मोठ्यानं उत्तर द्यायची, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. टाळेबंदीत आपल्याकडे नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ आणि सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ मुलांपर्यंत पोचली. ‘टिलीमिली’चा भर घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू घेऊन करून पाहण्यावर होता. असा कार्यक्रम ऐकताना मुलाशेजारी कोणी मोठं माणूस बसलं आणि प्रश्नानंतरच्या त्या थांब्यात “तू सांग बरं” म्हणालं, तरी फरक पडतो.

सगळ्यांत स्वस्त साधन: साधा फोन

२०२० मध्ये आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात शाळा बंद असताना सुमारे ४,५०० कुटुंबांसोबत एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे एसएमएस गेले. काहींना एसएमएससोबत वीसेक मिनिटांचा फोनही गेला. फोन पालकाला लागायचा, मुलाला जवळ बसवलं जायचं, स्पीकर चालू व्हायचा आणि बेरीज-वजाबाकीपासून भागाकारापर्यंतचे प्रश्न तिघं मिळून सोडवायचे. इंटरनेट नाही, स्मार्टफोनसुद्धा नाही. नुसत्या एसएमएसचा ठसठशीत परिणाम दिसला नाही. फोन गेलेल्या घरांतली मुलं मोजता येईल इतकी पुढे गेली. नंतर भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपिन्स या पाच देशांत हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर तपासला गेला, तेव्हाही फायदा दिसला, आणि सरकारी शिक्षकांनी केलेले फोनही उपयोगी पडले.

सगळीकडे असं झालं नाही, हेही सांगायला हवं. सिएरा लिओनमध्ये शिक्षकांनी मुलांना फोन केले, पण मुलांच्या गुणांत वाढ झाली नाही. फोन लागला म्हणजे काम झालं असं नाही. त्या वीस मिनिटांत काय घडतं यावर सगळं आहे.

मग काय घडायला हवं? सहावीतल्या मुलीला फोन लावलाय असं धरू. “आज दशांश अपूर्णांक शिकू” अशी सुरुवात करू नका. विचारा, “आईनं आज किती कापूस वेचला?” ती म्हणेल, अडतीस किलो. “वेचाई किलोला दहा रुपये धरली, तर किती झाले?” तीनशे ऐंशी. “आणि साडेअडतीस किलो भरला असता तर?” इथे ती थांबेल. थांबू द्या. फोनवर दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि आपली जीभ उत्तर सांगायला वळवळते. सांगू नका. ती चुकली तरी आधी विचारा, “कसं काढलंस?” तिनं सांगितलेल्या रीतीतच चूक कुठे आहे ते कळतं. पुढच्या आठवड्याचा प्रश्न या उत्तरावरून ठरवायचा. पाठ्यपुस्तकातल्या पान क्रमांकावरून नाही.

एकच शिक्षक चोवीस मुलांना कसा फोन करेल, ही शंका रास्त आहे. चोवीस मुलांना वीस-वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला आठ तास. पण साध्या फोनवरही चारेक जणांना एकत्र जोडता येतं. चार-चारचे सहा गट केले तर दोन तासांत आटोपतं, आणि मुलं एकमेकांची रीत ऐकतात हा वरचा फायदा. हे दोन तास वेळापत्रकात मोजलेले असावेत, मॅडमच्या संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेतून काढलेले नसावेत.

एका फोनवर सगळा वर्ग

ज्या शाळेत मुलं जमतात, पण विषयाचा शिक्षक दूर आहे, तिथे मला सगळ्यांत आवडलेलं साधन कागदाचं आहे. ‘प्लिकर्स’ नावाच्या ॲपसाठी प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं. त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी असते, प्रत्येकाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. प्रश्नाचं उत्तर बी असेल तर बीची बाजू वर करून कार्ड धरायचं. वर्गात असलेला शिक्षक किंवा गावातली शिकलेली ताई आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी नोंदलं जातं. शेजाऱ्याचं पाहून उपयोग नाही, कारण त्याची नक्षी निराळी. मुलांकडे एकही फोन लागत नाही. दूर बसलेल्या शिक्षकाला निकाल त्याच्या पडद्यावर दिसतो.

पण कार्डापेक्षा प्रश्न मोलाचा. “भारताची राजधानी कोणती?” असल्या प्रश्नानं काही कळत नाही. हा विचारून पाहा: ०.३५ आणि ०.५ यातली मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.३५ म्हणतील, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे. म्हणजे मुलांना दशांश चिन्ह दिसतं, पण त्याचा अर्थ पोचलेला नाही. चुकीचा पर्याय असा निवडायचा, की तो निवडणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते उघड व्हावं.

यापुढची पायरी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुळवली. मुलांनी मत दिलं की बरोबर उत्तर लगेच सांगायचं नाही. वेगळं उत्तर असलेला जोडीदार शोधायला सांगायचं आणि दोन मिनिटं एकमेकांना पटवू द्यायचं. मग पुन्हा मत. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं बहुधा वाढतात, कारण नुकतंच समजलेलं मूल न समजलेल्याला त्याच्याच भाषेत सांगतं. “अबे, पन्नास पैसे मोठे का पस्तीस पैसे?” असं एका पोट्ट्यानं दुसऱ्याला विचारलं, की तिथल्या तिथे दशांश चिन्ह कळतं. त्या वेळी दूरचा शिक्षक गप्प बसतो, आणि त्या दोन मिनिटांच्या कलकलाटात शिकणं होत असतं. पडद्यावरून शिकवणाऱ्याला ही गप्प बसण्याची कला शिकावी लागते.

व्हॉट्सॲपवर फक्त लिंका नको

सकाळी शाळेच्या ग्रुपवर चार लिंका येतात, पालक त्याखाली अंगठा टाकतात, आणि दिवसभराचं शिक्षण झालं असं धरलं जातं. ही एकतर्फी वाहतूक आहे. तोच ग्रुप उलटा वापरता येतो. शिक्षकानं एक प्रश्न बोलून पाठवायचा, मुलांनी आवाजी निरोपानं उत्तर द्यायचं. मिनिटभराचा आवाजी निरोप काहीशे केबीत मावतो; तेवढ्याच व्हिडिओला कित्येक पट डेटा लागतो. एक दांडी रेंज असलेल्या ठिकाणाहूनही तो उशिरा का होईना जातो. मुलानं वाचून दाखवलेला परिच्छेद ऐकताना कुठे अडखळलं तेही शिक्षकाला कळतं. वहीचा फोटोही चालतो, पण अट एक: शिक्षकानं तो पाहून काहीतरी परत सांगितलं पाहिजे. “छान” हे सांगणं नव्हे. “तिसऱ्या ओळीत हातचा विसरलास, पुन्हा कर” हे सांगणं.

आवाजाचा आणखी एक मोठा फायदा विदर्भात आहे. मेळघाटातली कित्येक मुलं घरी कोरकू बोलतात, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्राविड कुळातली. मराठीशी दोन्हींचं घराणं जुळत नाही. पुस्तकी मराठीतला व्हिडिओ या मुलांवरून वाहून जातो. पण “आजीला विचार, मोहाचं फूल कधी वेचायचं आणि का, आणि तिच्याच बोलीत सांगितलेलं मला पाठव” असं काम दिलं तर मूल आधी आपल्या भाषेत विचार करतं, मग वर्गात ते मराठीत मांडतं. आजीचा आवाज शाळेच्या अभ्यासात येतो, आणि फोन घरातल्या मोठ्यांपासून मुलाला तोडण्याऐवजी त्यांच्याकडे पाठवतो.

पडद्यापासून उठवणारा गृहपाठ

मला वाटतं, दूरच्या वर्गातलं सगळ्यांत चांगलं काम पडद्याबाहेर होतं. पडदा फक्त ते जोडतो. पावसाचं उदाहरण घेऊ. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा. सकाळी साठलेल्या पाण्याची खोली पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायची. तोच पाऊस. धारणीच्या, आर्वीच्या, वणीच्या आणि आरमोरीच्या शाळांनी रोज हा आकडा एका सामायिक गुगल शीटमध्ये भरला, तर जुलैअखेर मुलांच्या हातात स्वतः मोजलेल्या विदर्भाच्या पावसाचा तक्ता असतो.

मग प्रश्न आपोआप उगवतात. गडचिरोलीकडे बुलढाण्यापेक्षा इतका जास्त पाऊस का? आमच्याकडे कोरडं आणि वीस किलोमीटरवर पाणी, असं कसं? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर सुमारे ४,०४७ चौरस मीटरचं. म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका सरीत एकरभर वावरावर चाळीस हजार लिटर पाणी पडतं. हा गुणाकार सातवीतल्या मुलीनं स्वतःच्या वावरासाठी केला आणि बापाला सांगितला, तर धुऱ्यापाशी पाणी अडवण्याची चर्चा घरात वेगळ्या पातळीवर होते. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधलं आणि दोन झाडांमधलं अंतर दोरीनं मोजून एकरात झाडं किती, हे काढणंही याच जातीचं काम.

फोन बापासोबत वावरात जातो

खरं आहे. दिवसा फोन घरात नसतो आणि रात्री आलेल्या फोनवर तिघं भावंडं वाटेकरी असतात. त्यात मुलीचा नंबर बहुधा शेवटी लागतो. म्हणून ठरलेल्या वेळेचा थेट ऑनलाइन तास खेड्यात सगळ्यांत कमी उपयोगाचा. आवाजी निरोप, आठवड्याचं एक काम, शनिवारी संध्याकाळचा ठरलेला फोन, हे घराच्या घड्याळाला जुळतं. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी यांच्या दिवसांत तर वेळापत्रक पालकांना विचारूनच ठरवावं.

रेंज आणि लाईन नसेल तिथे सामग्री आधीच आणून ठेवायची. ‘दीक्षा’ ॲपवरचे धडे उतरवून नंतर इंटरनेटशिवाय पाहता येतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ते सापडतात. ‘कोलिब्री’ नावाची मोफत प्रणाली एका छोट्या संगणकावर धडे आणि स्वाध्याय साठवून शाळेतल्या शाळेतच टॅबना पुरवते, आणि मुलानं काय सोडवलं त्याची नोंदही ठेवते. महिन्यातून एकदा तालुक्याला जाऊन नवं भरून आणलं तरी भागतं.

मग शिक्षकाची गरज काय

पेरूमध्ये गावोगावच्या शाळांत मुलांना लाखो लॅपटॉप वाटले गेले. नंतर तपासलं तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही. गुजरातेतल्या एका प्रयोगात संगणक शाळेच्या वेळेबाहेर, शिक्षकाच्या शिकवण्यावर जास्तीचा म्हणून दिला तेव्हा मुलांना फायदा झाला. शिक्षकाच्या तासाऐवजी दिला तेव्हा तोटा. यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणं कठीण आहे. यंत्र दिलं आणि शिक्षकाला बाजूला केलं, की पैसे वाया जातात. शाळेतलं रिकामं पद हे पडद्यानं भरण्याचं पद नव्हे, आणि गावानं ते मागत राहिलंच पाहिजे.

“आता तर एआय सगळं सांगतं” असं दहावीतली मुलं म्हणतात. तुर्कस्तानात जवळपास हजार शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात एआयशी गप्पा मारत गणितं सोडवणाऱ्यांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगलं केलं. एआय काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तीच मुलं, एआय कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर आयतं मिळालं, आठवण्याचा आणि अडण्याचा भाग गळाला. थेट उत्तर न देता इशारेच देणारी आवृत्ती ज्यांना दिली होती, त्यांचं नुकसान बहुतांशी टळलं.

“असं शिकून काही कळत नाही, सर”

ही तक्रार येणार, आणि तिची तयारी ठेवावी. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सक्रिय वर्गातले विद्यार्थी परीक्षेत जास्त शिकलेले निघाले, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः सोडवताना अडायला होतं, आणि अडणं म्हणजे न येणं असा मुलाचा समज होतो. पालकांनाही फळाभर लिहिणारे गुरुजी जास्त शिकवतात असं वाटतं. त्यांना पहिल्याच महिन्यात सांगावं, की मूल अडतंय म्हणजे काम चालू आहे.

अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार, हा प्रश्न केंद्रप्रमुखांकडून येतो. अशा तासाला धडा हळू सरकतो, यात शंका नाही. पण “हो सर”वर पूर्ण झालेला धडा सहामाहीत पुन्हा शिकवावा लागतो, तो वेळ कुठेच मोजला जात नाही.

आणि एक काळजी. मुलांचे फोटो, व्हिडिओ, गुण खुल्या ग्रुपवर फिरवू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची अट घातली आहे. नवं ॲप घेताना ते मुलाबद्दल काय काय विचारतं, हे आधी पाहावं.

खरेदीच्या सभेत काय विचारायचं

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया. टीव्ही, टॅब किंवा वर्गणीचं ॲप घ्यायचा विषय आला की विक्रेत्याला सभेत पुस्तिका दाखवू देऊ नका. त्याला पाचवीच्या वर्गात नेऊन अर्धा तास शिकवून दाखवायला सांगा. समितीतल्या दोन आयांनी मागे बसावं. एकीनं हातातल्या घड्याळावर मोजावं, की त्या तीस मिनिटांपैकी मुलं किती मिनिटं बोलली, लिहिती झाली किंवा हातानं काही केलं. दुसरीनं मोजावं, की किती मुलांची चूक शिक्षकाच्या नजरेस आली. हाच हिशेब आज शाळेत असलेल्या साधनांचाही एकदा करावा. दोन्ही आकडे इतिवृत्तात लिहून घ्यावेत, आणि किमतीची बोलणी त्यानंतर सुरू करावी. त्यातला थोडा पैसा शिक्षकांच्या फोनच्या रिचार्जसाठी आणि कार्डं छापण्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवता आला, तर शनिवारचे फोन पुढच्याच आठवड्यापासून सुरू करता येतील.